हैदराबादच्या राष्ट्रीय उद्यानांतील देशी झाडे : ओळख

हैदराबाद शहरात आणि त्याच्या कडेला तीन राष्ट्रीय उद्याने आहेत : वनस्थलीपुरमजवळचे महावीर हरिण वनस्थळी, चिलकूरचे मृगवनी आणि जुबिली हिल्स-बंजारा हिल्स भागातले कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान. यांपैकी तिसरे, ‘केबीआर’ म्हणून प्रसिद्ध असलेले, निजाम घराण्याच्या चिरान पॅलेसच्या आवारात असून 1998 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर. पण शहर वसण्यापूर्वी इथे कोणते रान होते, याचा जिवंत पुरावा तिथे शिल्लक आहे.

हे रान शुष्क पानझडी आणि काटेरी प्रकारचे. खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट, वर मातीचा पातळ थर, पाऊस मुख्यतः जून ते ऑक्टोबर. पाने लहान, साल जाड, काटे भरपूर आणि उन्हाळ्यात फांद्या उघड्या. म्हणून फुलांवर विसंबणाऱ्याची इथे बरेच महिने निराशा होते. साल, काटे, शेंगा आणि चीक यांवरून झाड ओळखण्याची सवय लावणे हीच खरी वाट.

याचे उत्तम उदाहरण शमी. तेलंगणाचा हा राज्यवृक्ष, तेलुगूत जम्मी. महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देतात, तेलंगणात तो मान जम्मीच्या पानांना आहे. हैदराबादच्या मराठी घरांना दोन्ही रीती ठाऊक असतात. मात्र शमी समजून तिची परदेशी बहीण वेडी बाभूळ हाती येण्याचा संभव मोठा. दोघींची पाने बारीक पर्णिकांची, फुले पिवळसर तुऱ्यांची. फरक काट्यांत आहे. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि फांदीवर विखुरलेले. वेड्या बाभळीचे लांब आणि बहुधा पानाच्या बेचक्यात जोडीने. शमीची शेंग सडपातळ, वेड्या बाभळीची चपटी व गरदार. साधी बाभूळ तर लगेच वेगळी पडते : गोल पिवळी फुले, पांढरट सरळ काटे आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग.

काळा कुडा पानाचा देठ मोडताच पांढरा चीक देतो. त्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात आणि कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात; पांढऱ्या कुड्याच्या शेंगांची टोके सुटी राहतात. हा भेद औषधाच्या बाजारातही महत्त्वाचा, कारण पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची भेसळ होते. चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच काळ्या कुड्याची.

पळस तीन जाड पर्णिकांवरून बाराही महिने ओळखता येतो. पांगाऱ्याचीही पर्णिका तीनच, पण त्याच्या फांद्यांना काटे असतात. वावळाचे पान चुरडले की उग्र वास येतो आणि उन्हाळ्यात त्याच्या गोल, पंखधारी पापड्या खाली पडतात. तरवडाचे पिवळे फूल बतुकम्मा सणात रचले जाते. तेलंगणाचे हे राज्यपुष्प. झुडपाची साल कातडी कमावण्याच्या कामी येई. त्याची शेंग चपटी, कागदासारखी पातळ.

देशी कोणते, हे ठरवताना झाडाची संख्या फसवते. हैदराबादभोवतीच्या टेकड्यांवर सीताफळ इतके रुजले आहे की ते इथलेच वाटते. बाळानगर या तेलंगणातल्या गावाचे वाण तर महाराष्ट्रातल्या बागांतही पोचले. तरी मूळ ते अमेरिकेतले. घाणेरी, गिरिपुष्प, सुबाभूळ हीही तिकडचीच; गुलमोहोर मादागास्करचा. यांतली घाणेरी सर्वांत घातक, कारण तिच्या दाट जाळीखाली देशी रोपांना ऊन मिळत नाही. हिरवळ दिसते म्हणून रान सुखरूप आहे असे मानणे चूक आहे. झाड कोणते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

नवशिक्याने एकच पायवाट निवडून तीवरची झाडे पानगळीत, पालवीत आणि शेंगांच्या काळात पाहावी, तेलुगू नावेही टिपून ठेवावी : पळस म्हणजे मोदुगु, बहावा म्हणजे रेला, करंज म्हणजे कानुगा, शिंदी म्हणजे ईत. स्थानिक माणसाला विचारायला तीच उपयोगी पडतात. राष्ट्रीय उद्यानातून पान, बी किंवा फांदी नेण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे मनाई आहे. तेव्हा छायाचित्र घ्या, गळलेले पान जागेवरच निरखा आणि तिथेच ठेवा.