नकारांची परीक्षा



इतिहास हा बहुधा यशस्वी पुरुषांचा लिहिला जातो. कोणास कोणते पद कोणत्या साली प्राप्त झाले, याची नोंद चरित्रग्रंथांत ठळकपणे केलेली आढळते. परंतु त्या पदावर पोहोचण्यापूर्वी किती दारांवरून त्यास विन्मुख परतावे लागले, याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. यामुळे आजच्या उमेदवाराची मोठी हानी होते. मुलाखतीस जावे, आशेने वाट पाहावी आणि निवड झालेल्यांच्या यादीत आपले नाव नसावे, असे तीनचार वेळा घडले म्हणजे त्यास वाटू लागते की, हा अनुभव जगात आपल्या एकट्याच्याच वाट्याला आला आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील अभ्यासिकांतून रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांची मनःस्थिती आज अशीच असेल. त्यांच्यासाठी याच शहराशी निगडित असलेला एक इतिहास सांगावयाचा आहे.

वस्तुतः हे नगरच एका नाकारलेल्या माणसाने वसविलेले आहे. १६१० मध्ये खडकी येथे शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हा बालपणी हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेला होता. धनी वारल्यावर त्यास नवी चाकरी शोधावी लागली. विजापूरकरांच्या सेवेत तो काही काळ राहिला, पण तेथे त्याचे चीज झाले नाही. पुढे तोच निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. परंतु ही गोष्ट तलवारीच्या युगातील आहे. अर्ज, पदव्या आणि नेमणुका यांच्या युगातील उदाहरण पाहावयाचे तर डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२३ ही सहा वर्षे पाहावी लागतील.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये आंबेडकर विलायतेहून मुंबईस परतले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी १९१५ मध्येच मिळविली होती. लंडनमधील अभ्यास मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट सोडावा लागला होता. ती शिष्यवृत्ती श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली असल्याने करारानुसार बडोदे संस्थानाची नोकरी करणे प्राप्त होते. येथे नोकरी मिळाली होती. अडचण निराळीच होती. ‘अस्पृश्य’ म्हणून गणल्या गेलेल्या या अधिकाऱ्यास राहावयास शहरात जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या तयारीत असता, हाती काठ्या घेतलेला पारशांचा एक जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून गेला. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज केलेला होता, पण त्याचा निर्णय होत नव्हता. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. उरलेला वेळ सार्वजनिक उद्यानात काढून त्या रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा सर्व वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहून ठेवला असून तो १९९० मध्ये ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या पुस्तिकेत प्रसिद्ध झाला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बडोद्यात त्यांना ज्या नकाराने घालवून दिले, त्याने त्यांच्या पदव्या पाहिल्या नाहीत, त्यांचे काम पाहिले नाही, त्यांना एक प्रश्नदेखील विचारला नाही. ज्या परीक्षकाने उत्तरपत्रिकाच उघडलेली नाही, त्याने दिलेल्या शून्य गुणांवरून विद्यार्थ्याने आपली बुद्धी जोखावी काय? आंबेडकरांनी ती तशी जोखली नाही. अपमान त्यांना विसरता आला नाही. त्या दिवसाची आठवण झाली की डोळ्यांत अश्रू येतात, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. दुःख झाले ते त्यांनी लपविले नाही. परंतु त्या दुःखास आपल्या योग्यतेवरील निकाल मात्र मानले नाही.

मुंबईस आल्यावर निर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या त्यांनी धरल्या. शेअरबाजाराच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व पेढी बंद पडली. अशा स्थितीत १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. प्रारंभी विद्यार्थ्यांस या नव्या प्राध्यापकाविषयी विशेष आदर नव्हता. थोड्याच दिवसांत त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले. तथापि अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी स्पर्श करू नये, असा आक्षेप घेणारे सहकारी तेथेही होतेच.

या नोकरीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मननीय आहे. जागा तात्पुरती होती, म्हणून ते कष्टी होऊन बसले नाहीत. आणि वेतन चांगले होते, म्हणून तेथेच विसावलेही नाहीत. काटकसरीने संसार चालवून त्यांनी पैसा साठविला, आणि १९२० मध्ये अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी पुनः लंडन गाठले. या कामी कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य झाले आणि नवल भाथेना या मित्राने कर्ज दिले. भाथेना हे पारशी होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्या समाजातील काही लोकांनी काठ्या घेऊन दाराबाहेर काढले, त्याच समाजातील मित्राचा हात धरण्यास आंबेडकरांनी संकोच केला नाही. ज्याला वारंवार नकार मिळतात तो हळूहळू सर्वच माणसांकडे पाठ फिरवू लागतो, आणि मग मदतीचे दार उघडे असले तरी ते त्याला दिसत नाही.

लंडनमध्ये त्यांस आणखी एका नकारास तोंड द्यावे लागले, पण तो अगदी निराळ्या जातीचा होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध डी. एस्सी. पदवीसाठी १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात मान्य केला नाही; पुनः लिहून आणण्यास सांगितले. पैसा संपत आलेला, त्यामुळे आंबेडकर १९२३ च्या एप्रिलमध्ये स्वदेशी परतले. येथे बसून त्यांनी प्रबंधाची मांडणी नव्याने केली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रबंध मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला.

बडोद्याचा नकार आणि लंडनचा नकार यांतील भेद उमेदवाराने नीट समजून घ्यावा. पहिल्याने माणसाकडे पाहिलेच नव्हते; दुसऱ्याने निदान लिखाण वाचले होते. पहिल्यापासून शिकण्याजोगे काही नव्हते, त्याच्याशी फक्त लढावयाचे होते. दुसऱ्यापासून घेण्याजोगे होते तेवढे घ्यावयाचे आणि जे आपणांस सत्य वाटते ते राखावयाचे, हे त्यांनी केले. पुष्कळांकडून याच्या उलट वर्तन घडते. अंधपणे मिळालेला नकार ते जिवाला लावून घेतात, आणि विचारपूर्वक मिळालेला नकार रागाने झिडकारून टाकतात.

आता मराठवाड्याकडे वळू. १९३४ मध्ये आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, गोलमेज परिषदेस जाऊन आले होते. तरीही प्रवेशद्वाराजवळील हौदाच्या पाण्याने मंडळींनी हातपाय धुतले, एवढ्यावरून तेथील लोकांनी हौद बाटविल्याचा गिल्ला केला. आणि किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवू नये म्हणून त्यांच्यासोबत हत्यारी शिपाई देण्यात आला. मोठी पदवी मिळाली की सारे नकार संपतात, हा समज येथे खोटा ठरतो.

त्याच मुलखात, सोळा वर्षांनी, १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय उघडले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे खेड्यातील मराठी मुलाला नोकरीचा नकार मुलाखतीत मिळत नसे. तो मुलाखतीपर्यंत पोहोचतच नसे. नव्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. शेतमजुरांची व गरिबांची मुले येथे येऊन पदवीधर झाली. मराठीतील दलित साहित्याच्या चळवळीस बळ देणारे गंगाधर पानतावणे यांनी येथेच अध्यापन केले.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मात्र नाही. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्यास नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे अभिवचन होते. तरीही १९७४ मध्ये येथील विद्यार्थ्यांना विकासासाठी आणि रोजगारासाठी आंदोलन करावे लागले. आजही जागा थोड्या आणि अर्ज फार. हा नकाराचा तिसरा प्रकार होय. त्यात ना कोणाचा द्वेष असतो, ना उमेदवाराचा दोष. तो निव्वळ संख्येचा हिशेब असतो. असा नकार आला तर उदरनिर्वाहाचे दुसरे साधन हाती धरणे ही हार नव्हे. प्राध्यापकीपूर्वी शिकवण्या करणाऱ्या आंबेडकरांनी तेच केले होते. आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही यादीत नाव नसलेल्या मुलास, ‘तुझ्यात काय कमी पडले?’ असे विचारण्यापूर्वी जागा किती होत्या हे विचारावे.

या महाविद्यालयास पुढे मिलिंद आणि परिसरास नागसेनवन अशी नावे मिळाली. मिलिंद हा यवन राजा होता. भिक्खू नागसेनाशी त्याने वाद केला, आणि नागसेनाचे म्हणणे पटल्यावर आपली हार मोकळ्या मनाने मान्य केली. ज्याने अन्यायाच्या नकारापुढे जन्मभर मान तुकविली नाही, त्याच्या संस्थेने विवेकापुढे मान तुकविणाऱ्या राजाचे नाव धारण करावे, यात मोठे औचित्य आहे. कोणता नकार मान्य करावयाचा आणि कोणता नाही, हे ज्याला कळले त्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड मुलाखत उत्तम प्रकारे दिली, असे म्हणावयास हरकत नाही.