पायाळू : गर्भाच्या आसनाविषयींच्या ज्ञानाचा इतिहास

पायांकडून जन्मलेल्या मुलास आपण पायाळू म्हणतों. पायाळू माणसाची लाथ लागली कीं पाठींत भरलेली उसण जाते, डोळ्यांत अंजन घातलें असतां त्यास भूमिगत धन दिसतें, आणि मेघ गर्जूं लागले म्हणजे त्यानें उघड्यावर उभें राहूं नये, कारण वीज त्यास हुडकीत येते, अशा समजुती आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आल्या. प्राचीन रोमन लोक अशा मुलास 'अग्रिप्पा' म्हणत. प्लिनीनें त्या नांवाचा संबंध कष्टाच्या जन्माशीं जोडला असून असा जन्म निसर्गाविरुद्ध ठरविला आहे. एका समाजानें जेथें सिद्धि पाहिली तेथें दुसऱ्यानें अपशकुन पाहिला. परंतु मुलानें डोक्याकडूनच जगांत यावें हा नियम दोघांनींही गृहीत धरला होता. हा नियम माणसास कसा उमगला, व तो नीट उमगण्यासाठीं कोणीं काय किंमत दिली, हें येथें पाहावयाचें आहे.

ज्ञानाचीं साधनें प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य हीं होत, असें आपले शास्त्रकार सांगतात. गर्भाच्या बाबतींत पहिल्याचें दार बंद होतें. म्हणून विद्वानांनीं दुसऱ्याचा आश्रय केला. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत असें सांगितलें आहे कीं, गर्भ आईच्या पाठीकडे तोंड करून, डोकें वर ठेवून व अवयव आखडून बसलेला असतो. जन्मकाळ येतांच प्रसूतिवायूच्या योगानें तो उलटतो व अधोमुख होऊन बाहेर येतो. ॲरिस्टॉटलचें मतही असेंच होतें. सर्व प्राण्यांचे गर्भ आरंभीं डोकें वर करून असतात व वाढ झाल्यावर खालीं वळतात, असें तो म्हणतो. आणि कारणही देतो. नाळेच्या वरचा भाग खालच्या भागाहून जड असतो, म्हणून ताजव्याचें जड पारडें झुकावें तसें डोकें झुकतें. या साम्याचें आम्हांस फारसें आश्चर्य वाटत नाहीं. बसलेला मनुष्य डोकें वर ठेवूनच बसतो, आणि मूल जन्मतांना तर डोकें पुढें दिसतें. या दोन टोकांची सांगड घालावयाची तर मध्यें एक कोलांटी कल्पिणें भागच होतें.

परंतु ज्यांस अडलेल्या बाळंतिणीपुढें प्रत्यक्ष हात चालवावा लागे, त्यांचें ज्ञान निराळ्या जातीचें होतें. सुश्रुतानें मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे चार प्रकार दिले आहेत. दाराच्या अडसराप्रमाणें आडवा पडलेला तो परिघ. पण हे प्रकार सांगून लगेच तो बजावतो कीं, ही चाराची गणना पुरी पडत नाहीं, कारण बिघडलेल्या वायूनें पीडिलेला गर्भ नाना रीतींनीं मार्गांत येतो. हें वाक्य नुसत्या पोथीपंडिताच्या लेखणींतून उतरेल असें आम्हांस वाटत नाहीं. युरोपांतही हाताची विद्या अशीच स्वतंत्रपणें वाढली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे यानें आडव्या मुलाचे पाय धरून त्यास वळविण्याची जुनी युक्ति पुन्हा प्रचारांत आणली. १६९० सालीं यूस्टिना सीगेमुंड या जर्मन सुइणीनें हीच क्रिया दोन हातांनीं कशी साधावी हें चित्रांसह छापून प्रसिद्ध केलें. तरी कोलांटीचें आप्तवाक्य अठराव्या शतकापर्यंत टिकून राहिलें.

त्याला धक्का दिला तो प्रत्यक्षानें; पण हें प्रत्यक्ष मृत्यूच्या दारीं मिळालें. स्कॉटलंडांत ग्लासगोच्या परिसरांत जन्मलेले विल्यम स्मेली व विल्यम हंटर हे दोघे लंडनांत प्रसूतिविद्या शिकवीत. स्मेलीचे चित्रपट १७५४ सालीं निघाले. हंटरचा गर्भाशयावरील ग्रंथ १७७४ सालीं निघाला. दिवस भरत आलेली एक स्त्री अकस्मात् मरण पावली, तिचें शव १७५१ सालीं आपणांस मिळालें व तेथून कामास आरंभ झाला, असें हंटर स्वतः सांगतो. यान फान रिम्सडाइक या चित्रकारानें काढलेल्या त्या चित्रांत पूर्ण वाढलेलें मूल डोकें खालीं करून, हातपाय पोटाशीं घेऊन, जागेंत घट्ट बसलेलें दिसतें. चौतीस चित्रपटांचा हा ग्रंथ शारीरविद्येचें भूषण मानला जातो. परंतु ज्या मातांच्या देहांवर तो उभा आहे त्यांपैकीं एकीचेंही नांव त्यांत नाहीं. वैद्य, चित्रकार व मुद्रक यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत; ज्यांनीं सर्वस्व दिलें त्या अनामिकच राहिल्या.

जिवंत मातेच्या उदरांत पाहण्याची सोय पुढें क्ष-किरणांनीं झाली. पण तिचाही दंड भरावा लागला. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनीं १९५६ सालीं दाखविलें कीं, गर्भावस्थेंत क्ष-किरण घेतलेल्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण वाढतें. १९५८ सालीं पुन्हा ग्लासगोनेंच मार्ग काढला. पोलादांतील भेगा शोधणारें ध्वनियंत्र इअन डोनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मानवी उदराकडे वळविलें, आणि कोणाचाही प्राण न घेतां गर्भ दिसूं लागला.

मग दिसलें काय? प्राचीनांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास शंभरांतील २० ते २५ गर्भांचें डोकें वर असतें. दिवस भरतांना असे ३ किंवा ४ च उरतात. म्हणजे वळणें खरें. मात्र सर्वांचें नव्हे, ठराविक मुहूर्तावर नव्हे, आणि प्रसूतिवायूच्या एका झटक्यानेंही नव्हे. खालीं निमुळत्या व वर रुंद अशा गर्भाशयांत दुमडलेल्या पायांसह धड वर आणि डोकें खालीं हीच मांडणी सोयीची पडते, आणि मूल लाथा झाडीत हळूहळू तींत स्थिरावतें. म्हणून सातव्या महिन्यांत 'मूल पायाळू आहे' असें ऐकून घरांत चिंतेचें सावट पडूं देण्याचें कारण नाहीं. सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारासही तें वळलें नसेल, तर निष्णात वैद्य पोटावरून हात लावून त्यास वळवूं पाहतात, आणि सुमारें निम्म्या वेळां यश येतें.

या हाताबद्दल शेवटीं दोन शब्द. २००० सालीं २६ देशांतील दोन हजारांवर मातांचें निरीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत पायाळू मुलासाठीं आधींच ठरवून केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित दिसली. लगोलग जगभर तोच प्रघात पडला. पुढें २००४ सालीं त्यांतील मुलें दोन वर्षांचीं झाल्यावर पाहतां दोन्ही पक्षांत मृत्यूचें व वाढ खुंटण्याचें प्रमाण वेगळें आढळलें नाहीं. परंतु तोंवर अनेक ठिकाणीं नव्या वैद्यांस पायाळू मूल सोडविण्याचें शिक्षण मिळेनासें झालें होतें. शस्त्रक्रियेनें असंख्य माता व मुलें वांचलीं, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. तथापि अडल्या वेळीं जेथें यंत्र नाहीं व शस्त्रगृहही दूर, तेथें आजही हातच कामास येतो. डोळ्यांस दिसूं लागलें म्हणून हातांनीं विसरावें हा व्यवहार कोणत्याच विद्येस परवडणारा नाहीं. आणि प्रसूतिविद्येंत तर अशा विसराची किंमत नेहमीं आईलाच मोजावी लागली आहे.