पांघरुणाखालचा पिवळा त्रिकोण

आजचा भाग इतिहासाचाच आहे, फक्त यात राजे नाहीत, किल्ले नाहीत, तह नाहीत. एक नर्स आहे, उन्हात ठेवलेला एक बाळगाडा आहे आणि खिडकीत विसरलेली एक काचेची नळी आहे. ऐकायला कंटाळा आला म्हणून वाचायला आला असाल तरी चालेल, अख्खा भाग इथे लिहून ठेवलाय.

"बाळाला जरा कावीळ आहे, काचेत ठेवलंय." हे वाक्य ताई, वहिनी, मावशी, कुणाच्या तरी बाळंतपणात तुम्ही ऐकलं असणार. निळ्या प्रकाशाखाली, डोळ्यांना पट्टी बांधून झोपलेलं एवढंसं बाळ, आणि बाहेर बाकावर बसलेले आजी-आजोबा. आता हे इतकं नेहमीचं झालंय की हा लाईट आला कुठून, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

आधी कावीळ का होते ते पटकन बघू. आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यातून बिलीरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. पोटात असताना बाळाचा हा कचरा आईचं शरीर वारेतून उचलून नेतं. जन्मल्यावर ते काम एकदम बाळाच्या यकृतावर येतं, आणि ते यकृत अजून नवखं असतं. त्यात बाळाच्या लाल पेशी जास्त असतात आणि त्या लवकर फुटतात. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहा बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते.

बहुतेकांची. सगळ्यांची नाही. बिलीरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. १८७५ मध्ये योहानेस ओर्थ या जर्मन डॉक्टरने काविळीने गेलेल्या एका बाळाच्या मेंदूत पिवळा रंग पाहिला. पुढे गेओर्ग श्मोर्लने त्याला 'कर्निक्टेरस' हे नाव दिलं. कर्न म्हणजे गाभा, इक्टेरस म्हणजे कावीळ. मेंदूच्या गाभ्यातली कावीळ. यातून जगलेल्या मुलांना पुढे ऐकू न येणं, हातापायांवर ताबा नसणं असं आयुष्यभराचं काही ना काही मागे राहायचं. आणि हे नुकसान भरून निघत नाही.

तसं पाहिलं तर ही गोष्ट डॉक्टरांच्याही आधी एका सुईणीने टिपली होती. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्जुआ. तिने १६०९ मध्ये जुळ्या बाळांचं वर्णन केलंय: एक अंगभर सुजलेलं, ते लगेच गेलं, दुसरं पिवळं पडत गेलं आणि काही दिवसांनी गेलं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त जुळत नाही तेव्हा असं होतं. आरएच रक्तगटाचा शोध लागून हे कोडं सुटायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

त्याच दशकात उपायही आला, पण ऐकूनच अंगावर काटा येईल असा. बाळाचं रक्तच बदलायचं! बोस्टनच्या लुई डायमंड यांनी नाळेच्या शिरेतून बारीक नळी घालायची पद्धत रूढ केली. थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसऱ्याचं घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. असं तासन् तास. यामुळे असंख्य बाळं वाचली. पण यात धोका होता, आणि दीड किलोच्या बाळावर हे करायला कुणाचाही हात थरथरेल. पन्नासच्या दशकात डॉक्टरांनी २० मिलिग्रॅमचा आकडा रेषा म्हणून धरला होता: त्याच्यावर गेलं की रक्त बदला. आणि त्याच्या खाली? वाट बघा. मध्ये काहीच नव्हतं.

हे डोक्यात ठेवा आणि आता १९५६ चा उन्हाळा. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं छोटं गाव, तिथलं सरकारी रुग्णालय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड सांभाळायच्या सिस्टर वॉर्ड. आडनावच वॉर्ड, मी काही मुद्दाम जुळवलेलं नाही. खेड्यात वाढलेली बाई. काचेच्या पेटीतल्या कोंदट गरम हवेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं असं तिचं ठाम मत. म्हणून छान ऊन पडलं की ती बाळांना गाड्यात घालून अंगणात न्यायची. आपल्याकडच्या आज्यांना ही बाई फार आवडली असती.

एक दिवस डॉक्टर फेरीवर आले तेव्हा तिने जरा बिचकतच एक उघडं बाळ त्यांच्यापुढे धरलं. अंग फिकट पिवळं, पण एका ठिकाणी त्रिकोणी आकाराचा गडद पिवळा पट्टा. डॉक्टरांना वाटलं हिने काहीतरी औषध फासलंय, आयोडीन वगैरे. ती म्हणाली, नाही, हे उन्हामुळे झालं असावं. डॉक्टर पुन्हा गोंधळले, त्यांना वाटलं ऊन लागून कातडी करपली. तेव्हा तिने सांगितलं ते असं: बाळ सगळंच पिवळं होतं. ऊन लागलं तिथला पिवळेपणा गेला. पांघरुणाचं टोक जिथे आलं होतं तेवढा त्रिकोण पिवळाच राहिला.

म्हणजे सगळे बघत होते त्या डागाकडे, आणि ही एकटी बघत होती डाग नसलेल्या भागाकडे.

गोष्ट तिथेच थांबलीही असती. पण काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाचं रक्त तपासायला पाठवलं, तर बिलीरुबिन अपेक्षेपेक्षा खूपच कमी आलं. ताजा नमुना घेऊन बघितलं तर आकडा पुन्हा जास्त. चूक कुठे झाली? शोधल्यावर कळलं की पहिली नळी काही तास खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात पडून होती. नळीतला पिवळा रंग उन्हाने खाल्ला होता. इथे डॉ. रिचर्ड क्रेमर यांना तो त्रिकोण आठवला. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळ्या उन्हात ठेवून पाहिल्या, मग बाळांना थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून पाहिलं. दोन्हीकडे बिलीरुबिन उतरलं.

पण इंग्लंडचं ऊन, त्याचा भरवसा काय! शिवाय रात्रीचं काय? म्हणून त्यांनी पाळण्यावर अर्धगोल पत्रा बसवला आणि त्याच्या आत निळसर ट्यूबलाईट लावल्या. जगातला पहिला काविळीचा लाईट. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. लेखकांची नावं तीन: क्रेमर, पेरीमन, रिचर्ड्स. सिस्टर वॉर्डचं नाव त्या तिघांत नाही. मला विचाराल तर पहिलं नाव तिचं हवं होतं.

बरं, हे कळल्यावर जगभर लाईट लागले का? छे. दक्षिण अमेरिकेत, युरोपात काही ठिकाणी लागले, पण अमेरिकेतले डॉक्टर दहा वर्षं ढिम्म. त्यांचा संशय अगदीच फुकाचा नव्हता. उजेडाने बिलीरुबिनचं जे काही होतं ते बाळाला बाधणार नाही कशावरून? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरमसाट ऑक्सिजन दिल्याने अनेकांची दृष्टी गेली होती, ती जखम ताजी होती. शेवटी १९६८ मध्ये व्हरमाँटच्या जेरल्ड ल्युसी यांनी काही बाळांना लाईट, काहींना नाही, अशी रीतसर तुलना करून निकाल छापला, आणि मग तिथेही दारं उघडली.

उजेड नेमकं करतो काय, हे त्याहूनही नंतर कळलं. बिलीरुबिनचा रेणू स्वतःत घडी घालून बसलेला असतो, पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृतावाचून तो बाहेर पडू शकत नाही. निळा प्रकाश पडला की ती घडी मोडते, रेणूचा आकार बदलतो आणि तो पित्तातून, लघवीतून निघून जातो. अतिनील किरणांची गरजच नाही.

आता इथे आपल्या घरातला मुद्दा येतो. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. त्यात रॉचफर्डचं सत्य आहे, पण अर्धवट. उघड्या बाळाला उन्हात तासन् तास ठेवता येत नाही: कातडी भाजते, ताप चढतो, थंडीत अंग गार पडतं. आणि दहा मिनिटांच्या उन्हाने वाढणारी कावीळ थांबत नाही, फक्त दोन दिवस निघून जातात. नायजेरियात लागोसला संशोधकांनी यावर डोकं लढवलं. लाईटची यंत्रं कमी, वीज बेभरवशाची, पण ऊन भरपूर. त्यांनी अतिनील किरणं आणि उष्णता अडवणाऱ्या खास कागदाचा मांडव उभारला, त्याखाली बाळं ठेवली, दर थोड्या वेळाने ताप बघितला. नेहमीच्या लाईटपेक्षा हे कमी पडत नाही, असा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडव, देखरेख, रक्ततपासणी, हे सगळं असेल तर ऊन औषध आहे. गच्चीवर नाही.

आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टी. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची, बाळाला हळद-डाळीचं पीठ लावून न्हाऊ घालायचं: मग पिवळेपणा दिसणार कसा? दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. कपाळ किंवा छाती बोटाने हलकेच दाबून सोडा, खालची कातडी पिवळी दिसते का बघा. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्या बघा. दुसरी गोष्ट डांबराच्या गोळ्यांची. जपून ठेवलेली कुंची, दुपटी ट्रंकेतून काढून तशीच बाळाला गुंडाळायची सवय आहे ना? काही बाळांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं. मुंबईत पारशी समाजात हे जास्त आढळलंय, पण ते कुठल्याही घरात असू शकतं. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासानेही लाल पेशी भराभर फुटून जोरदार कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नका.

कावीळ हा संपलेला इतिहास आहे असं वाटत असेल तर १९९५ चं अमेरिकेतलं आयडाहो बघा. सू शेरिडन यांचं बाळ पिवळं पडत होतं. आई सांगत राहिली, उत्तर आलं की उतरेल. रक्त वेळेत तपासलंच नाही, आणि मुलाला कर्निक्टेरस झाला. निळा लाईट उपलब्ध असलेल्या देशात! तेव्हा तिथे आई-बाळाला एक-दोन दिवसांत घरी सोडायची पद्धत पडली होती, आणि कावीळ तर तिसऱ्या-पाचव्या दिवशी चढते. शेरिडन इतर आयांना घेऊन भांडत राहिल्या. २००४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नियम कडक केले: घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाचा धोका तपासायचा, घरी गेल्यावर ठरलेल्या दिवशी पुन्हा बघायचं.

तेव्हा घरात बाळ आलं असेल तर एवढं माहीत असू द्या. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, किंचाळल्यासारखं रडायला लागलं किंवा पाठ कमानीसारखी ताणायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. एरवी अंगावरचं दूध दिवसातून आठ-बारा वेळा. पाणी, मध, गुटी नको. त्याने पोट भरतं आणि दूध कमी जातं. दूध गेलं की शी होते, आणि शीतूनच बिलीरुबिन बाहेर पडतं.

दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला तर वेगळ्या तपासण्या लागतात, कारण क्वचित पित्ताच्या नळ्याच बंद असतात. त्यावरची शस्त्रक्रिया जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधली, आणि ती साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते. म्हणून जपानमध्ये २०१२ पासून प्रत्येक आईच्या नोंदवहीत शीच्या रंगांचं कार्ड असतं, आई लंगोट शेजारी धरून रंग जुळवते. आपल्या हातात ते कार्ड नसलं तरी फोन आहे. शी पांढुरकी, राखाडी किंवा शाडूच्या मातीसारखी दिसली तर दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लंगोट धुवायच्या आधी.