आलेल्या संघाचं स्वागत, गेलेल्या संघाची हुरहूर



आजी आणि फुटबॉल? आमच्या घरातले सगळे हसतात. पण माझा नातू पुण्यात शिकायला गेला आणि फुटबॉल आमच्या विवळवेढ्याच्या घरात आला. नातवाच्या मागे धावताना आजीला ऑफसाइड कळायला लागतं, काय करणार!

2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. मालकांत हृतिक रोशनही होता. बालेवाडीच्या मैदानावर सामने होत. नारंगी कपडे घालून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या मुलांनी स्वतःला 'ऑरेंज आर्मी' असं नाव घेतलं होतं. त्यात आमचं रत्नही होतं. 2017-18 च्या मोसमात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा फोनवर मला अभ्यास सोडून बाकी सगळं ऐकायला मिळालं.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी. त्या शहराला संघ मिळतात, पण टिकत नाहीत. 2007 मध्ये निघालेला पुणे एफसी हा चांगला संघ. 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तोही बंद पडला. भारत एफसी तर एकच मोसम खेळला. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणीत सापडलेल्या एफसी पुणे सिटीचा गाशा गुंडाळला गेला. लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी घेतली, आणि हैदराबाद एफसी जन्माला आला.

आता हैदराबादच्या बाजूने पाहा हं. फुटबॉलच्या बाबतीत ते शहर उपाशी होतं, आणि उपाशी राहण्याआधी तृप्त होतं. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला होता. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे तर भारताचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि 1962 ला जकार्तात एशियाडचं सुवर्णपदक मिळालं. त्यांच्यावरचा 'मैदान' सिनेमा 2024 मध्ये आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. अशा शहराला किती वर्षांनी पहिल्या फळीचा संघ मिळाला! काळापिवळा रंग, 'डेक्कन लिजन' नावाचा चाहत्यांचा गट, गच्चीबावलीचं मैदान. त्यांनी आनंदाने नाचायचं नाही तर काय करायचं?

2019 च्या दिवाळीत नातू घरी आला होता. संघाने कोलकात्यात पाच गोल खाल्ले होते, जमशेदपूरलाही हरला होता. 2 नोव्हेंबरला हैदराबादेतला पहिला सामना केरळ ब्लास्टर्सशी. नातू म्हणाला, "मी नाही बघणार. तो आपला संघ नाही." आणि दारात पाठ करून बसला. मीच टीव्ही लावला. केरळने आधी गोल केला. मग पेनल्टीवर स्टँकोविचने बरोबरी केली. नाव ऐकून पाठ जराशी वळली. शेवटी मार्सेलिन्होची फ्री किक थेट जाळ्यात! हैदराबाद 2-1 ने जिंकलं. ते दोघंही आदल्या वर्षापर्यंत पुण्याचे लाडके. प्रशिक्षक फिल ब्राऊन, तेही पुण्याहूनच आलेले. प्रेक्षक नाचत होते आणि आमचा हा उठून अंगणात गेला.

मी तेव्हा म्हणाले, "अरे, खेळच तो. एवढं काय त्यात?"

हे वाक्य मला नंतर फार लागलं. कारण मी मास्तरीण. बदल्या मी भोगल्या आहेत. एका शाळेतून निघाले तेव्हा चौथीतली एक मुलगी एसटीच्या खिडकीचा गज सोडेना. दोनच दिवसांनी नव्या शाळेत लेझीम, गुलाबाचं फूल आणि 'बाईंचं स्वागत असो' असा फळा. मी हसत होते, पण मनात तो गज होता. नव्या गावाची चूक नव्हती. त्यांना बाई हव्याच होत्या. पण त्यांच्या फळ्यावर जुन्या गावाचं नाव कुठेच नव्हतं.

इतिहास शिकवताना आपण 'राजधानी हलवली' असं एका ओळीत सांगून पुढे जातो. मागे राहिलेल्यांना परीक्षेत प्रश्न येत नाही!

इंग्लंडातली गोष्ट मला नातवानेच सांगितली. विम्बल्डनचा जुना संघ 2003 मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. चाहत्यांनी त्याच्या आधीच, 2002 मध्ये, स्वतःचा नवा संघ काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. 2020 साली ते आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर परत आले. मिल्टन कीन्सवालेही आपल्या संघावर प्रेम करतातच. दोन्ही खरं.

आणि पुढे? 2022 च्या 20 मार्चला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामन्यात गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेतं झालं. त्या आणि त्याआधीच्या मोसमात कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच. म्हणजे घरच्या मैदानापासून दूरच तो आनंद. मग पैशाची चणचण, थकलेले पगार, 2023-24 ला थेट तळ. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये हा संघ दिल्लीला गेला, 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाला. गंमत म्हणजे दिल्लीचा आधीचा संघ 2019 मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. तिथलं मैदान तयार नव्हतं म्हणून त्याचे सुरुवातीचे घरचे सामने झाले कुठे? पुण्यात, बालेवाडीला! ज्यांचा संघ गेला, त्यांच्याच अंगणात दुसऱ्याचा गेलेला संघ खेळला.

दिल्लीची बातमी नातवानेच फोनवर सांगितली. मला वाटलं, 'बरं झालं' म्हणेल. तो म्हणाला, "आजी, त्यांचंही गेलं गं."

आमच्या महालक्ष्मीची कथा माहीत असेल. देवी वर डोंगरावर होती. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकून पडली, तेव्हा देवी म्हणाली, तू नको येऊस, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याला. पण चैत्र पुनवेच्या यात्रेत ध्वज मात्र अजून वर डोंगरावरच चढतो. देवी हलली ती भक्तासाठी, आणि जुनं ठाणं कोणी विसरलं नाही.

संघ हलतात ते हिशेबासाठी. मालकांना मी काय सांगणार? पण स्वागत करणाऱ्यांना एवढं सांगावंसं वाटतं. ढोल वाजवा, नाचा, तुमचा हक्कच आहे. फक्त फळ्यावर एका कोपऱ्यात, तो जिथून आला त्या गावाचं नावही लिहा.

तुमच्या गावाहून कधी काही असं उठून गेलंय का? जरूर कळवा. आणि नातवाला मी त्या दिवाळीबद्दल 'चुकलं माझं' म्हटलंय, हे घरच्यांनी नोंद घ्यावं!