मोटारीतील चामडी आसनांचे नूतनीकरण

मोटारीच्या आसनांवरील झिजलेले चामडे स्वच्छ करून, त्यातील चिरा भरून व त्याला पुन्हा रंग देऊन वापरण्याजोगे करण्याची प्रक्रिया. झीज रंगथरापुरती असेल, तर ही प्रक्रिया घरीही करता येते.

रचना व झीज : आसनांसाठी बहुधा गाईबैलांचे, क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे वापरतात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत १८८४ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. चामड्यावर रंगद्रव्याचे पातळ थर व सर्वांत वर पॉलियुरेथेनाचा पारदर्शक लेप असतो. ऊन, घाम व घर्षण यांचा पहिला मारा या लेपावर होतो. चालकाच्या आसनाची दाराकडील उंच कड आधी झिजते, कारण चढता-उतरताना अंग तिच्यावर घासते. ‘चामडे सुकले’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा वरचा रंगच गेलेला असतो. त्यामुळे तेल चोळून मूळ दोष जात नाही.

पारख : पाण्याचा थेंब टाकल्यास रंगथर शाबूत असलेल्या चामड्यावर तो तसाच राहतो, उघड्या किंवा लेपरहित चामड्यात मुरून डाग गडद होतो. चामड्याची मागची बाजू तंतुमय, तर रेक्झिनची सहसा कापडी असते. ‘लेदर सीट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आसनांतही बाजूचे व मागचे भाग अनेकदा रेक्झिनचे असतात.

कृती : प्रथम व्हॅक्यूमने शिवणींतील धूळ काढतात. मग चामड्यासाठीचे सौम्य क्लीनर मऊ ब्रशने लावून मळ पुसून घेतात. कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असल्याने कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा वापरत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलाने तेलकटपणा काढून, ६०० ते १,००० नंबरच्या पॉलिशपेपरने चिरांच्या कडा हलकेच घासतात. बारीक चिरांत लवचिक फिलरचे पातळ थर, प्रत्येक थर सुकू देऊन, भरतात. लहान फाट असल्यास आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक गोंदाने चिकटवतात. त्यानंतर पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा पहिला हात स्पंजाने व पुढचे हात शक्यतो स्प्रेने देतात. जाड एका हातापेक्षा पातळ तीन-चार हात टिकतात. जाड थर कोणी आसनावर बसताना तडकतो. शेवटी मॅट किंवा चकचकीत लेप देतात. तो पक्का होण्यास काही दिवस लागतात.

दक्षता : रंगाची छटा व चामड्यावरील परिणाम आधी आसनाखालच्या न दिसणाऱ्या जागी तपासतात. जुन्या मोटारींच्या चामड्यावरील सेल्युलोज लॅकर थिनरने विरघळते, म्हणून तेथे थिनर टाळतात. बुटाचे पॉलिश कपड्यांना लागते; खोबरेल तेलाने पृष्ठभाग चिकट होऊन धूळ धरतो. काही आसनांत बाजूची एअरबॅग बसवलेली असते. अशा आसनांचे आवरण घरी उसवू नये; एअरबॅगजवळच्या शिवणीवर गोंद, फिलर किंवा रंगाचा जाड थरही देऊ नये, कारण एअरबॅग ती शिवण फाडूनच बाहेर येते.

मर्यादा : शिवण उसवणे, स्पंज बसणे किंवा चामडे कुजून फाटणे यांवर रंगाचा उपयोग नाही, त्यासाठी कुशनचा कारागीर गाठावा लागतो. रंगवलेल्या आसनाची झीज पुन्हा दाराकडील त्याच कडेपासून सुरू होते. ती कड नियमित पुसणे व गाडी सावलीत लावणे यांमुळे नवा रंग अधिक काळ टिकतो.