तबकडीवरचे ‘बडोदेकर’

आमच्या दांडिया बाजारातील जुन्या घरातून आलेली एक शिसवी पेटी आहे. तीत ७८ फेऱ्यांच्या चाळीसएक ध्वनिमुद्रिका आहेत. लाखेच्या या तबकड्या हातातून निसटल्या की संपल्या, म्हणून लहानपणी आम्हांस पेटीला हात लावण्याची मुभा नव्हती. आजोबा चावी भरीत, सुई बदलीत, आणि हिराबाईंची तबकडी लावण्याआधी तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचीत. ‘बडोदेकर’ हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर किंचित चढे. गाणारी आपल्या गावची, हा अभिमान आम्हां मुलांनाही तेथूनच लागला.

पुढे कळले की हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. आडनाव आईच्या गावावरून आले. आई ताराबाई या बडोद्याच्या माने सरदारांच्या घरातील. कैराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ तेव्हा येथे दरबारी गायक होते व ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि अखेर मिरजेस बिऱ्हाड केले. सरदारघराण्यातील मुलीने मुसलमान गवयाबरोबर निघून जावे, ही गोष्ट त्या काळच्या बडोद्याला पचणारी नव्हतीच. १९२२ च्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुले आईबरोबर राहिली. मुलांची नावेही बदलली : अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. म्हणजे ज्या गावाने आईस ठेवून घेतले नाही, त्या गावाचे नाव लेकीने तबकडीवर छापविले.

आमच्या घरात मात्र ताराबाईंचे नाव कधी निघाले नाही. आजोबांना हे सारे ठाऊक असणारच. तो काळ त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला होता. हिराबाई आमच्या, खाँसाहेब दरबारचे, आणि मधल्या बाईविषयी मौन. आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे.

खाँसाहेबांच्या आमच्याकडील ध्वनिमुद्रिका ओडियन कंपनीच्या, १९३४ नंतरच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्यात विलंबित ख्याल उलगडणे शक्य नव्हते. तरी खाँसाहेब घाई करीत नाहीत. दोन सुरांमधली वाट तेवढी दाखवितात, आणि वेळ संपते. त्यांनी ‘मानापमान’ नाटकातील एक पदही मराठीत गायिले आहे. त्यातील शब्दांचे उच्चार ऐकून आमच्या काकू हसत. आम्हांस मात्र त्या उच्चारांतच मिरजेतील संसाराची वर्षे ऐकू येतात. १९३७ साली दक्षिणेतील प्रवासात, सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर, त्यांचा अंत झाला. देह मिरजेस आणून दफन केला.

हिराबाईंची मुख्य तालीम वहीद खाँकडे झाली, वडिलांकडे नव्हे. तरीही कोकिळेचे ते भावगीत लावले की शब्दावर हळूच टेकणारा सूर पित्याचा वाटतो. जाणकार यास घराण्याचे वळण म्हणतील. असेलही. घरातल्या घरात लहान वयात जे कानी पडते त्याची नोंद कोणत्याच गंडाबंधनात होत नाही, असे आम्हांस वाटते.

मागील वर्षी पेटी साफ केली तेव्हा ध्यानी आले की आजोबांनी खाँसाहेबांच्या तबकड्या वरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या आणि हिराबाई, सरस्वतीबाई राणे यांच्या खालच्या. मध्ये जाड पुठ्ठा होता. तो तबकड्या घासू नयेत म्हणूनच असावा. आम्ही पुठ्ठा काढला, कागदी पाकिटे नवी घातली आणि साऱ्या तबकड्या एकाच कप्प्यात उभ्या लावल्या. हिराबाईंच्या एका तबकडीस कडेला चीर गेली आहे; दर फेरीस सुई तेथे टक्कन वाजते, पण गाणे थांबत नाही.