गिअर पडत नाही!

मंडळी, भंडारा म्हटलं की लोकांना तलाव आठवतात, तांदूळ आठवतो, पितळेची भांडी आठवतात. मला मात्र गिअरबॉक्स आठवतो. हसू नका! नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हायवेवर (जुना नॅशनल हायवे ६, आताचा ५३) लाखनीजवळ गडेगाव लागतं. अशोक लेलँडचा इथला कारखाना १९८२ चा, आणि ट्रकचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स बनवणं हे त्याचं महत्त्वाचं काम. माझं आजोळ साकोलीकडचं, त्यामुळे या रस्त्यावरचे ट्रक, ढाबे आणि मिस्त्री लहानपणापासून ओळखीचे. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, म्हणजे दिवसाचा अर्धा वेळ ‘हे नेमकं कुठे फुटलं?’ याच प्रश्नात जातो. मिस्त्रीचाही धंदा तोच.

तर आजचा प्रश्न. चार-पाच लाख किलोमीटर पळालेला जुना ट्रक आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. आता तो गिअर उशिरा घेतो, झटके देतो. काय बिघडलंय हे कसं ओळखायचं? प्रश्न साधा वाटतो, पण निदान चुकलं तर बॉक्स विनाकारण खाली उतरतो, गाडी आठवडाभर उभी राहते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला हे परवडत नाही. उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन दातेरी चाकं एकमेकांत घालायची, एवढाच मामला होता. गती जुळली नाही तर खर्रर्र! म्हणून ड्रायव्हर ‘डबल क्लच’ करायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, खालचा गिअर टाकायचा असेल तर थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. गती जुळली की नाही हे सांगणारा सेन्सर एकच, ड्रायव्हरचा कान. आपल्याकडचे जुने अवजड ट्रक बराच काळ असेच चालले.

त्या काळात निदानही कानानेच व्हायचं. आमच्याकडचा मिस्त्री पाना हातात घ्यायच्या आधी विचारतो, “आवाज कोणत्या गिअरात येऊन रायला, ते सांग पह्यले.” हा प्रश्न भारी आहे! न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग बहुधा इनपुट शाफ्टचं बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये आवाज, पण डायरेक्ट टॉप गिअरमध्ये शांत? मग खालच्या शाफ्टकडे बघा, कारण डायरेक्ट गिअरमध्ये त्याच्यावर भारच नसतो. सगळेच गिअर टाकताना खरखर होते? मग बॉक्स कदाचित ठणठणीत असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल. बॉक्स न उघडता निम्मं निदान झालंसुद्धा. आम्ही याला बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूमध्ये विचारतो. असो.

मग अमेरिकेत अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरने सिंक्रोमेश काढला. १९२८ साली कॅडिलॅकने तो बाजारात आणला. दातं भिडायच्या आधी एक शंकूच्या आकाराची रिंग घासून दोन्हींची गती जुळवते, म्हणजे ड्रायव्हरचं काम रिंग करते. या रिंगा बहुधा पितळेच्या किंवा काशाच्या असतात. पितळेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याच्या शेजारी सिंक्रोमेशचा कारखाना असणं हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. सोय झाली खरी, पण एक गोष्ट लपली. रिंग हळूहळू झिजते आणि ती बरीच झिजेपर्यंत ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. मग एखाद्या थंड सकाळी नेमका दुसरा गिअर कुरकुरतो.

गंमत पुढेच आहे. याच थॉम्पसनच्या हाताखाली जनरल मोटर्सने पूर्ण ऑटोमॅटिक ‘हायड्रामॅटिक’ तयार केला आणि तो १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये आला. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने ताकद पोचवायची ही कल्पना त्याहून जुनी. जर्मनीत हेर्मान फ्योटिंगरने जहाजांसाठी तिचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. महायुद्धात हायड्रामॅटिक अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. क्लचचं पेडलच गेलं! पण त्याबरोबर ड्रायव्हरच्या हाताला आणि पायाला मिळणारी बातमीही गेली.

मग निदान कशावरून करायचं? तेलावरून. इथे तेल वंगण तर आहेच, पण ताकद तेच पोचवतं आणि आतल्या क्लचप्लेट दाबतंही तेच. म्हणून मिस्त्री पहिली काडी तेलाची काढतो. बहुतेक गाड्यांत ही पातळी बॉक्स गरम आणि इंजिन चालू असताना बघायची असते. लालसर, स्वच्छ तेल ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर आत प्लेट जळाल्यात. दुधाळ दिसलं तर कूलर फुटून पाणी शिरलंय. रेस वाढते पण गाडी उचलत नाही, म्हणजे प्लेट घसरतायत किंवा तेलाचा दाब कमी पडतोय. नुसतं तेल कमी झालं तरी हेच लक्षण दिसतं. म्हणून आधी काडी, मग प्रेशर गेज, आणि बॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी.

‘जुन्या गाडीचं तेल बदलू नये, बदललं की बॉक्स बसतो,’ असं तुम्हीही ऐकलं असेल. माझ्या मते यात कार्यकारणाचा घोळ जास्त आहे. बहुतेक लोक तेल बदलतात तेच मुळी गाडी कुरकुर करायला लागल्यावर, आणि तोवर प्लेट आधीच संपलेल्या असतात. पेशंटला शेवटच्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि दवाखान्याला बोल लावला, तसं काहीसं.

त्यानंतर कॉम्प्युटर आला. आता बॉक्स बिघडला की दिवा लागतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून कशीबशी घरी येते आणि स्कॅनर एक कोड दाखवतो. इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा होतो. एरर कोड म्हणजे निदान नव्हे! कॉम्प्युटरला काय दिसलं, एवढंच तो सांगतो. जुन्या ट्रकमध्ये गंजलेली अर्थिंगची वायर, ढिला कनेक्टर किंवा मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा गिअरबॉक्सच्या नावाने कोड टाकू शकते. शंभर रुपयांची वायर आणि लाखाच्या घरातला बॉक्स यांच्यात फरक करणारा माणूस मात्र लागतोच.

आता आपल्याकडच्या ट्रक-बसमध्येही एएमटी दिसायला लागलेत. हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं, मोठ्या ट्रकमध्ये बहुधा हवेच्या दाबावर. म्हणजे गिअर पडत नसेल तर आधी हवा कुठे गळतेय ते बघा. आणि खरी मजा पुढे आहे. व्होल्वोने २००१ साली आणलेल्या ‘आय-शिफ्ट’सारख्या बॉक्समध्ये मुख्य गिअरमधून सिंक्रोच काढून टाकलाय! कॉम्प्युटर स्वतःच इंजिनची गती जुळवतो. थोडक्यात, आपला जुना वस्ताद जे पायाने करायचा तेच आता सॉफ्टवेअर करतंय.

या शंभर वर्षांत गिअर टाकण्याचं काम माणसाकडून रिंगेकडे, रिंगेकडून तेलाकडे आणि तेलाकडून कोडकडे गेलं. प्रत्येक टप्प्यावर बिघाड एक पडदा आत सरकला. पण गाडी चढावर झटका देते की उतारावर, थंड असताना की तापल्यावर, रिकामी असताना की भरलेली, हे कुठलाही स्कॅनर आपणहून सांगत नाही. ते तिच्यावर दहा-दहा तास बसणाऱ्या ड्रायव्हरलाच माहीत असतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये मी पाहिलंय, ड्रायव्हरला बाहेर बाकावर बसवतात आणि आत लॅपटॉप जोडतात. त्याला आधी आत बोलवावं आणि ‘पह्यले’वाला प्रश्न विचारावा, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या शनिवारी एअर ब्रेकबद्दल लिहायचा विचार आहे. बघू जमतं का!